हरण्याची दाढ

आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली म्हणून चौथ्याचं नाव आईने कडू ठेवलं. कडू वस्तू यमसुद्धा थुंकून टाकतो, असा तिचा अंदाज. पाचवा झाला तेव्हा तो सुपात घालून लोळवला, उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि शेजारणीने 'सापडला गं बाई' म्हणत परत आणून दिला. त्याचं नाव सुपडू. एवढी खबरदारी घेऊन जगवलेले हे महाजन बंधू पुढे इच्छापुरच्या रस्त्यालगतच्या आपल्या गावात एकमेकांपासून दोनशे पावलांवर राहिले आणि छत्तीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. यमाला फसवणं सोपं असतं, भाऊबंदकीला नाही.

सुपडू धाकटा आणि बोलका. ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याची बायको गोदाबाई लग्नानंतर आठव्या दिवशी म्हणाली होती, आणि ते मत बदलायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. सकाळी घरात ठरलेली गोष्ट संध्याकाळी चावडीसमोरच्या निंबाच्या पारावर ऐकू येई, तीही मीठमसाला लावून. मनाने माणूस वाईट नव्हता. कुणाला चहा लागतो, कुणाला तंबाखू, तसा त्याला ऐकणारा लागे. थोरला कडू अगदी उलटा. त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे खडकात विहीर खणायची.

दोघं वेगळे झाले अठ्ठेचाळीस साली. तेव्हा देशभर एकीकरणाचे वारे होते. आज हे संस्थान विलीन झालं, उद्या ते. बऱ्हाणपुरात इतवाऱ्याला बाजार करायला गेलेला माणूस परत येताना एखाद्या राजाची सही झाल्याची बातमी घेऊन येई आणि पारावर गूळ वाटला जाई. सुपडूला ह्या बातम्यांचा भारी शौक. एवढे राजे एका निशाणाखाली आले म्हणून तो छाती फुगवून सांगे आणि घरी येऊन भावाशी गोठ्याच्या दारावरून भांडे. शेवटी राजे एक झाले आणि महाजनांच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली; पुढे कडूने दोनशे पावलांवर वेगळं घर बांधलं. वाटणीच्या चिठ्ठ्या आईने उचलल्या. काळी कसदार जमीन सुपडूकडे गेली, विहिरीचं शेत कडूकडे. जमीन मिळाली ते सुपडूने आपलं नशीब मानलं आणि विहीर गेली तो अन्याय मानला. माणसाची मोजपट्टी अशीच असते.

तरी येणं-जाणं होतं. ते तुटलं हरण्यापायी.

एक्कावन्न साली, वसुबारसेच्या दिवशी, गोदाबाईच्या हातात गाय-वासराच्या पूजेचं ताट असतानाच त्यांची गाय व्याली. गोऱ्हा झाला, हरणासारखा तांबूस, म्हणून नाव हरण्या. एवढा मुहूर्त साधून आलेलं जनावर म्हणजे देवच घरी आला, असं सुपडूने त्याच संध्याकाळी पारावर जाहीर केलं. पुढच्या साली पाऊस रुसला. त्रेपन्नच्या उन्हाळ्यात गावच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, गुरं दावणीला मरू लागली. तापीत तेवढे दोन कोसांवर डबक्यासारखे डोह उरले होते. पाणी होतं ते एकट्या कडूच्या विहिरीत. त्या पाण्यावर त्याने अर्धा एकर केळी लावली होती. केळीचा नाद तेव्हा गावात नवीनच.

कडू चावडीवर बसला असताना सुपडू सरळ तिथे गेला. भावाच्या घरी जाऊन मागितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, पण सुपडूला काहीही करायचं म्हणजे चार माणसं लागत.

"कडूभाऊ, माह्या गोऱ्ह्याले दोन बादल्या पाणी दे. मी काही शेतासाठी नाही मांगत."

सगळी चावडी कडूकडे बघू लागली. कडूने जमिनीकडे पाहिलं. "विहिरीत पाणी नाही. बागच वाळू रायली," तो म्हणाला.

केळीची हिरवी पानं चावडीवरून दिसत होती. सुपडू तिथून उठला, तो उठलाच.

पुढची कहाणी गावाने सुपडूच्याच तोंडून ऐकली, आणि इतक्या वेळा ऐकली की पोराटोरांना पाठ झाली. "मंग मी काय केलं? रोज तांबडं फुटाच्या आधी गोऱ्ह्याचं दावं धरलं. दोन कोस जाणं, दोन कोस येणं. डोहावर पाणी पाजलं. चारा नाही तं अंजनाचा पाला तोडून आणला, डोक्यावर भारा. पायाले फोड आले, लेकिन हरण्याले उपाशी झोपू नाही देल्लं. सख्खा भाऊ पाणी द्याले नाही म्हणे, अन् तापीमाय हाव म्हणे!" इथे तो थांबायचा आणि नदीच्या दिशेने हात जोडायचा. हात जोडणं पहिल्या दोन वर्षांत नव्हतं, नंतर आलं.

छप्पन साली राज्यांची फेरमांडणी झाली. वऱ्हाडातले सोयरे सकाळी उठले ते परराज्यातले होऊन. सुपडूला फार वाईट वाटलं. सरकार कागदावर रेषा ओढतं, पण माणसांनी मनात रेषा ओढू नये, असं त्याने पारावर सांगितलं. समोरच्या रस्त्याने तेव्हा कडू डोक्यावर वैरण घेऊन चालला होता. सुपडूने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि वाक्य पुरं केलं.

हरण्या मात्र बैल म्हणून नाव काढणारा निघाला. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून तो पहिला जाई. एकसष्टमध्ये त्याला पान लागलं आणि सकाळी गेला. साप चावलेलं, त्यातून लेकरासारखं वाढवलेलं जनावर. सुपडूने त्याला आपल्या बांधावर खड्डा खणून, दोन गोण्या मीठ टाकून पुरलं, वर दगड उभा केला. घरातलं माणूस गेल्यासारखं तो रडला, आणि त्या रडण्यात एक शब्दही खोटा नव्हता.

मग खूप वर्षं गेली. गावात बोअरिंग आलं, चौफेर केळी झाली. आई गेली, दोघा भावांनी खांदा दिला तो एक पुढून, एक मागून. कडूच्या मुलांची लग्नं झाली, सुपडूच्या मुलींची झाली, आणि पत्रिका चावडीवरच्या माणसाकरवी पोचल्या. सत्त्याहत्तर साली कडूची बायको मालूबाई गेली तेव्हा सुपडू अंगणापर्यंत जाऊन परत आला. हे सगळं होत असताना कहाणी चालूच होती. फरक एवढाच की ऐकणारे आता म्हातारे झाले होते आणि तरुण मंडळी "हां बाबा, हां" म्हणून फटफटीला किक मारत.

अशात अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात शारदा गावात आली. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या दिगंबर मास्तरांची ही मुलगी, गुजरातेत कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत शिकत होती. लूनावरून उतरली आणि पारावर येऊन तिने विचारलं, "इथं कुणाकडं जुना बैल पुरलेला आहे का? ज्याची जन्मतारीख माहीत आहे असा?"

तिच्या आधीच्या अकरा गावांनी तिला वेड्यात काढलं होतं. बैलाची जन्मतारीख सांगायची कुणी, तिथे माणसांचीच कुणाला ठाऊक नव्हती.

"वसुबारस, एक्कावन्न," सुपडू म्हणाला. शारदाला वाटलं, देव पावला.

तिने समजावून सांगितलं. तापीकाठच्या एका पांढरीच्या टेकाडात, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, गाई-बैलांचे दात निघाले होते, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. त्या लोकांवर दुष्काळ पडत होते का, ते गुरांना काय घालत, पाणी कुठलं पाजत, हे तिला शोधायचं होतं.

"दातावरून?" सुपडूने विचारलं.

"दातावरूनच, बाबा. वासरू जे खातं-पितं, त्याची निशाणी दाढ बनता बनता तिच्यात बसते. एकदा बसली की जात नाही. कार्बनचे दोन भाऊ असतात समजा, एक हलका, एक जड. ज्वारी-बाजरीत, उन्हाळी गवतात जड भाऊ जरा जास्त. केळीत, कपाशीत, झाडाच्या पाल्यात तो कमी. पाण्यात ऑक्सिजनचं पण तसंच. डोह उन्हात आटला की हलका वाफ होऊन उडतो आणि जड मागे राहतो. खोल विहिरीत दोघांचं प्रमाण बारा महिने बदलत नाही. मशीन फक्त ह्या भावांचं प्रमाण मोजते."

"भावाभावाचं मोजाले सरकारनं मशीन काढली?" सुपडूने विचारलं. पारावर हशा झाला, पण त्याला ती कल्पना मनापासून पटली होती.

अडचण अशी होती की हजारो वर्षांपूर्वीचे दात वाचायचे तर आधी एक ओळखीचा दात लागतो. त्या जनावराने कोणत्या महिन्यात काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं हे पक्कं माहीत पाहिजे. ते बोअरिंग येण्याच्या आधीचं पाहिजे, आणि त्याने दुष्काळाचा उन्हाळा लहानपणी पाहिलेला पाहिजे, कारण शेवटची दाढ घडते ती पहिल्या दोन वर्षांत. हरण्या जणू ह्यासाठीच जन्मला होता.

शारदाने फॉर्म काढला. सुपडूने जबानी दिली: पाणी, तापीचा डोह, रोज. चारा, आधी ज्वारीचा कडबा, मग अंजनाचा पाला. खाली सही ठोकली. साक्षीदार म्हणून भिकनने अंगठा उठवला. भिकन सुपडूच्याच वयाचा, पारावरचा त्याचा कायमचा श्रोता. सुपडूला दावं धरून नदीकडे जाताना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेही खोटं नव्हतं. आठ दिवस सुपडू खरंच गेला होता.

"आता सरकारी कागदच येईल," सुपडू घरी येऊन गोदाबाईला म्हणाला. "छत्तीस वर्सं लोक तोंडावर हाव म्हणे अन् मांगून हासे. आता कडूनं पाणी नाही देल्लं हे मशीन लिहून देईल."

गोदाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जळाली. "मेलेल्या बैलाले उकरू नका. दोष लागंल."

"दोष कायचा? सायन्स हाय ते."

"दात काय बोलंल, कोणाले मालूम," ती म्हणाली.

बाईमाणसाचं भोळेपण म्हणून सुपडूने ते सोडून दिलं. पन्नास वर्षांच्या संसारात बायको भोळी नाही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, ह्यावरून भोळं कोण ते समजावं.

भर दुपारी दगडाला हळद-कुंकू वाहून, नारळ फोडून खड्डा उकरला. मिठाने मातीचा रंग पांढुरका झाला होता. जबडा निघाला तसा सुपडू खाली बसला. "पाह्य रे राजा, तुले त्रास देऊ रायलो," म्हणून त्याने त्या हाडावरून हात फिरवला. शारदाने शेवटची दाढ कापसात गुंडाळून डबीत ठेवली.

पुढचे आठ महिने पारावर दुसरा विषय नव्हता. सुपडूने पद्धत इतकी नीट समजून घेतली होती की तो शाळेतल्या मास्तरांना समजावू लागला. दाढेवर आडव्या सोळा रेघा कोरतात, एकेक रेघ म्हणजे वीस-पंचवीस दिवस, तिची पूड मशीनमध्ये घालतात. "डोहाच्या पाण्याची रेघ वर चढती, मास्तर. पाह्यजा तुमी, माह्या हरण्याची कशी चढंल!" कडू रस्त्याने जाताना त्याचा आवाज दोन पट्ट्या वर जाई. कडू कधी थांबला नाही.

पोळा झाल्यावर शारदा आली. चेहरा उतरलेला. सुपडूने भिकनला बोलावणं धाडायची तयारी केली, पण ती म्हणाली, "बाबा, आधी आपण दोघंच बोलू." ओट्यावर तिने कागद पसरला.

"हा उन्हाळा. ज्वारी एकदम संपली. त्याच्या जागी झाडपाला नाहीतर केळी."

"अंजन! लिहूनच देल्लं म्यानं."

"ते मी मानलं. लेकिन पाणी बघा." तिने बोट एका रेषेवरून सरकवलं. "डोहाचं असतं तर ही रेष इथून वर चढली असती. ती चढतच नाही. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, एकदम सपाट. मशीन म्हणते, ह्या गोऱ्ह्याने सगळा उन्हाळा खोल विहिरीचं पाणी प्यायलं."

"मशीन खोटी," सुपडू म्हणाला.

"मी पण तेच म्हटलं," शारदा म्हणाली. "तीन वेळा पुन्हा करून पाहिलं. तुमची जबानी पक्की, साक्षीदार पक्का. मग पद्धतच चूक असणार. ओळखीच्या दातावर जी चालत नाही ती हजारो वर्षांच्या दातावर काय चालणार? आमचे सर म्हणाले, सोडून दे. दोन वर्षांचं काम गेलं, बाबा."

सुपडूच्या शब्दावर उभ्या आयुष्यात कुणी पुरता विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो ह्या पोरीने आणि तिच्या शास्त्राने, आणि त्यापायी ती रडत होती. सुपडूला तिची दया आली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. मशीन हरली होती.

"मशीन खरी हाय," दारातून गोदाबाई म्हणाली.

दोघांनी मागे पाहिलं. तिने पदराने हात पुसले आणि उंबऱ्यावरच बसली.

"तुमी आठ दिस गेले नदीवर. मंग सडकेचं काम निघालं, तठी गिट्टी फोडाले जायाले लागले. मले म्हणे, तू ने गोऱ्ह्याले डोहावर. आठवते का?"

सुपडूला आठवत नव्हतं. मग आठवलं. 'तू नेलं' चं 'मी नेलं' कधी झालं, ते मात्र आठवेना.

"चावडीवर तुमाले नाही म्हणे, त्याच दिशी मालूबाई आली माह्याजोळ. म्हणे, आमच्या घरच्यानं, तुह्या भासऱ्यानं निरोप देल्ला, दुपारी गाव झोपते तवा मांगच्या वाटेनं गोऱ्ह्याले विहिरीवर आण. केळीचे पानं बी त्यानंच कापून देल्ले, रोज, पाऊस पडेलोक. मी एक दिस बी नदीवर नाही गेली."

"कोण्या विहिरीवर?" सुपडूने विचारलं. गावात त्या साली दुसऱ्या कुठल्या विहिरीला पाणी नव्हतं.

गोदाबाईने कडूच्या शेताकडे मान वळवली.

"मले काहून नाही सांगलं?"

"तुमच्या भावानंच सांगलं व्हतं. सुपड्याले सांगू नका, सांजेले पारावर सांगंल." ती म्हणाली. "मंग पाऊस आला. पोळ्याले सांगीन म्हणे मी. तं त्याच दिशी तुमी पारावर भावाच्या नावानं नाही नाही ते बोलले. मालूबाईनं निरोप आणला, आता सांगूच नका, बोलू दे त्याले किती बोलते तं. मले वाटे, आज नाही तं उद्या मिटंल. मंग मालूबाईच गेली. भासऱ्यासमोर मी तोंड उघडू कशी?"

हे मात्र गावच्या रीतीला धरून होतं. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाईने पदर ओढायचा, शब्द बोलायचा नाही. तेव्हा खरी गोष्ट माहीत असलेली दोनच माणसं गावात उरली, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. तिसरा सुपडू, त्याला बोलायची सोय होती आणि माहीत काही नव्हतं.

शारदाने डोळे पुसून केव्हाच लिहायला घेतलं होतं. मग तिचा हात थांबला. "मावशी, हे मी लिहू का?"

"इंग्रजीत लिही माय. अठी कोणी वाचत नाही."

शारदा गेली ती हसत गेली. तिची पद्धत पास झाली होती.

सुपडू तीन दिवस पारावर गेला नाही. भिकन येऊन ताप आहे का म्हणून कपाळ बघून गेला. सुपडूला ताप नव्हता. तो खाटेवर पडून आईच्या तेराव्याचं जेवण आठवत होता. कडूने वाढप्याच्या हातून बोलावणं पाठवलं होतं, आणि सुपडूने 'तुह्या घरचं पाणी मले चालत नाही' असा उलट निरोप धाडला होता. निरोप देताना आजूबाजूला लोक होते आणि वाक्य चांगलं जमलं म्हणून त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते वाक्य त्याला परत घ्यायचं होतं. मालूबाईला निदान एकदा वहिनी म्हणून हाक मारायला हवी होती. त्याला रडायला आलं, आणि ऐकायला कुणी नसताना तो रडला.

चौथ्या दिवशी दुपारी तो दोनशे पावलं चालून गेला. कडू अंगणात सुंभ वळत बसला होता, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा जाड चष्मा. त्याने वर पाहिलं. "बस," म्हणाला.

सुपडू बसला. येताना त्याने बरंच काही ठरवून आणलं होतं. त्यातलं एकच वाक्य निघालं.

"हरण्याले पाणी तू पाजलं."

"हाव."

"मले एकदा तरी सांगाचं."

"सांगलं असतं तं मानलं असतं तू?"

सुपडूने विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"मंग आता काहून मानलं?"

"दाढेत निघालं."

कडूने सुंभाला पीळ दिला. "म्हंजे सख्खा भाऊ खोटा, अन् मेलेल्या बैलाची दाढ खरी."

सुपडू म्हणाला, "आज सांजेले पारावर सांगतो. सगळ्या गावासमोर सांगतो का माह्या भावानं पाणी देल्लं, म्यानंच छत्तीस वर्सं त्याचं नाव खराब केलं. चार लोकात बोललो, चार लोकातच फेडतो."

तो हे अगदी मनापासून बोलला. बोलता बोलता पारावरची ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कहाणी पहिल्यापेक्षाही चांगली होणार होती.

"सांगू नको," कडू म्हणाला.

"काहून? तुह्या नावावरचा डाग जाईल ना भाऊ."

"त्या दिशी तू गेला, अन् तुह्यामांगून भिकन आला चावडीवर. माह्या पाया पडला. त्याची जोडी दावणीले पडेल व्हती. म्हणे, एक घागर दे." कडूने सुंभ खाली ठेवलं. "विहिरीत किती व्हतं ते मले मालूम. केळीचं पाणी तोडलं तरी एका जनावराले पुरंल इतकंच. एक वाचंल, दोन मरतीन. म्यानं त्याले सांगलं, माह्या भावाले नाही देल्लं, तुले कुठून देऊ? तो उठून गेला. आठ दिसात दोन्ही बैल मेले."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

"तुले चार लोकात नाही म्हणलो, म्हणून त्याले नाही म्हणता आलं मले," कडू म्हणाला. "आता काय सांगशील त्याले? का तुले नाही म्हणणं नाटक व्हतं, अन् त्याले नाही म्हणणं तेवढं खरं व्हतं?"

संध्याकाळी महाजन बंधू एकामागोमाग एक पारावर येऊन बसले आणि पारावरची तंबाखू मळणारी बोटं थांबली. कडूनेच चल म्हटलं होतं. सुपडूला एकट्याला पाठवायची त्याची हिंमत नसावी. भिकनने सरकून जागा दिली.

"काय म्हणे मग मशीन?" त्याने विचारलं.

सगळे ऐकायला टपलेले. असा श्रोतृवर्ग सुपडूला आयुष्यात मिळाला नव्हता.

"पाणी तापीचं," सुपडू म्हणाला.

"पाह्य! मी साक्षीदारच व्हतो." भिकन खूश झाला. मग त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मंग कडूभाऊनं नाहीच देल्लं म्हणा. अन् तरी तू त्याच्याजोळ बसला?"

सुपडूने कडूकडे पाहिलं.

"नाही देल्लं भो मी," कडू म्हणाला. तो भिकनकडेच बघत होता. "चुकलं माह्यं."

इतक्या वर्षांत कडूने पारावर बोललेली ही पहिलीच लांब गोष्ट. भिकनला भरून आलं. त्याने पुढे वाकून कडूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ दे ना कडूभाऊ. पाणी बी नव्हतं कोणाजोळ तवा. सुपडूनं माफ केलं ना? मंग खतम झालं."

कडूने मान खाली घातली. सुपडूला सांगायचं होतं, सगळं अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्याने ते गिळलं.